शेवटचा टोला

"हळू ओत, सांडशील," भिंगरी म्हणाली.

"हळूच ओततोय. उगाच का मला गोगलगाय म्हणता?" असं म्हणत तिच्या मावसभावाने दोन पेल्यांत व्हिनेगर ओतलं. सुट्टीचे सगळे बेत बारगळले होते. भिंगरीला चार दिवस त्या पायऱ्यांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

सुचणार तरी कसं? वाचनालयाच्या खालच्या तीन पायऱ्या झिजल्या म्हणून पाथरवटकाकांनी चार महिन्यांपूर्वी नव्या बसवल्या. त्यांची एक रीत होती, दगड बसला की शेवटचा टोला पोराच्या हातचा. तिन्ही टोले भिंगरीनेच मारले होते. आणि आता त्याच पायऱ्या कसर लागलेल्या पुस्तकासारख्या भोकाभोकांच्या झाल्या होत्या. चार दिवसांपूर्वी वाचनालयाच्या चिटणीसांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तू तर तिथेच बसायचीस. दगड वरच्या पायऱ्यांसारखाच होता का गं?"

"छे, वेगळाच होता. मऊ," ती ऐटीत म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! काकांनी हलका माल घातला असं ठरलं आणि वाचनालयाच्या ओट्याचं पुढचं काम त्यांच्या हातून गेलं. काका नुसते तिच्याकडे बघत राहिले. ती नजर काही केल्या भिंगरीच्या डोळ्यांसमोरून जाईना.

आता तिने जुन्या-नव्या दोन्ही दगडांच्या कपच्या भिंगाखाली धरल्या. वरच्या पायरीची कपची म्हणजे घट्ट बसलेली वाळूच, दाणा न् दाणा दिसत होता. खालचीत मात्र बारीक शिंपल्यांचे तुकडे होते.

"हा वालुकाश्म आणि हा चुनखडक. दोन्ही पाण्याखाली थरावर थर साचून झालेले," गोगलगाय म्हणाला. "टाक आता."

वालुकाश्म पेल्यात गप्प पडून राहिला. चुनखडकावर मात्र बुडबुड्यांची दाटी झाली.

"आंबट लागलं की हा विरघळतो," भिंगरी हळूच म्हणाली. "पण पायऱ्यांवर आंबट ओततं कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सायकलींच्या आडोशाला दबा धरून बसले. शिपाईमामा बादली घेऊन आले आणि त्यांनी मोरीचं ॲसिड पाण्यात मिसळून सगळ्या पायऱ्यांवर ओतलं. वरच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. खालच्या फसफसल्या.

"चिटणीससाहेबांचा हुकूम आहे, पायऱ्या रोज लखलखल्या पाहिजेत," मामा म्हणाले.

मग काय, दोन पेले आणि दोन कपच्या थेट चिटणीसांच्या टेबलावर गेल्या. बुडबुडे बघून ते कपाळाला हात लावून बसले. "आणि हा पांढरा दगडही मीच पसंत केला होता, तेच विसरलो," ते पुटपुटले. त्यांनी काकांना बोलावून सगळ्यांदेखत माफी मागितली. "पोरांनी आमचे डोळे उघडले. शाब्बास, भिंगरी!" टाळ्या वाजल्या. भिंगरीला त्या नकोशा वाटल्या.

"काका, मी अर्धंच बोलले. चुकले मी," ती म्हणाली.

"खोटं नव्हतीस बोलली," काका म्हणाले. "पण मला विचारलं असतंस तर मी दगडाचं सगळं सांगितलं असतं."

आठवड्याने तिन्हींतली पहिली नवी पायरी बसली, वालुकाश्माची. सवयीने भिंगरीचा हात पुढे झाला. काकांनी हातोडा उचलला, क्षणभर थांबले आणि तो गोगलगायच्या हातात दिला.

टोला वाजला. भिंगरीने फडकं घेतलं आणि दगडावरची धूळ पुसायला लागली.