चारशे तेरावा ठिपका

माझी आत्या बानाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवगाव रंगारीहून आली, ती एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात खंड्याची साखळी धरून. खंड्या हा तिच्या मेंढरांचा राखणदार. मेंढरं दिराच्या हवाली करता येतात, कुत्रा नाही, असं तिचं म्हणणं. बेगमपुऱ्यातल्या माझ्या एका खोलीत त्यानं आल्या आल्या खाटेखालची जागा धरली आणि मला पाहुण्यासारखं वागवायला सुरुवात केली.

घरमालक बन्सीभाऊंना माझ्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की हा पोरगा अतिनील किरणांचं काहीतरी करतो. त्यामुळं त्यांच्या पाण्याच्या मशीनमधला यूव्हीचा दिवा गेला की हाक मला. मी तो दोनदा बदलूनही दिला होता. सहा वर्षांच्या संशोधनाचा समाजाला झालेला हा एकमेव उपयोग.

खरं काम वेगळं होतं. ताऱ्यांकडून येणारा अतिनील प्रकाश बहुतेक वरच्या हवेतच अडतो, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवतात. तिनं टिपलेली एका दीर्घिकेची प्रतिमा माझ्याकडं होती. या प्रकाशात थंड, म्हातारे तारे जवळजवळ दिसत नाहीत; नुकत्याच जन्मलेल्या तापट ताऱ्यांचे पुंजके तेवढे ठिपक्यांसारखे उठून दिसतात. रात्री जागायची भानगड नाही. अकरा ते पाच संगणकापुढं बसायचं आणि ठिपके मोजायचे.

प्रबंध जमा करायची शेवटची मुदत शुक्रवारची. ती चुकली की नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. माझे मार्गदर्शक कारभारी सर यांचा नियम असा, की तीन दिवस तीनदा मोजायचं आणि आकडा जुळला तरच सही.

सोमवारी चारशे बारा ठिपके भरले. मंगळवारी चारशे अकरा. बुधवारी चारशे दहा.

मी सरळ डोक्याचा माणूस आहे. आधी चष्मा पुसला, मग सॉफ्टवेअर तपासलं, मग मूळ फाइल पुन्हा उघडली. तिच्यातही दोन जागा काळ्या कुळकुळीत. सरांच्या संगणकावर तेच.

"त्रिंबक, ठिपके आहेत का मेथीची जुडी, रोज सुकायला?" सर म्हणाले. त्यांना हसू आलं. मला रडू येत होतं, हे कबूल करतो.

गुरुवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन खोलीवर बसलो. आत्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून मागं येऊन उभी राहिली. दुसऱ्या डोळ्यानं तिनं पडद्याकडं बराच वेळ पाहिलं आणि कळप कुणाचा, म्हणून विचारलं. मी तारे, दीर्घिका, उपग्रह असं सगळं समजावलं. तिनं ते सोडून दिलं.

"किती येळा मोजलंस?"

"तीनदा."

"मंग घटणारच की. धनगराचा ना रं तू?"

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. आजोबा संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या कळपावर नुसती नजर फिरवून कोणती आली नाही ते सांगायचे. आकडा लावला की नजर लागते, कळप घटतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण पीएचडीच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

"ही एक गेली. अन् इथली एक," आत्यानं पडद्यावर दोन ठिकाणी बोट टेकवलं.

मी सोमवारची यादी काढली. तिच्यात प्रत्येक ठिपक्याची जागा लिहिलेली होती. तिची दोन्ही बोटं अचूक होती.

मग तिनं जीभ टाळूला लावून कळपाला घालतात ती हाक घातली. "टर्र्र, टर्र्र." लॅपटॉपला. बन्सीभाऊ दारात डोकावले आणि पाण्याचं मशीन पुन्हा बिघडलं का, म्हणून विचारून गेले. खंड्या उठून उभा राहिला. त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले होते.

शुक्रवारी सकाळी मोजले. चारशे तेरा.

गेलेले दोन्ही ठिपके जागेवर होते. जास्तीचा होता तो उजव्या कोपऱ्यात, मंद, जरासा लांबट. त्याच्या आजूबाजूची जागा मोकळी झाली होती. शेजारचे ठिपके थोडे थोडे डावीकडं सरकले होते.

मी आत्याला बोलावून दाखवलं. ती पट्टीवरून हात फिरवत राहिली.

"हाकेला नुसती मेंढरंच येत्यात व्हय?" एवढंच म्हणाली.

मला विचार करायला वेळ नव्हता. पुन्हा मोजलं की एक घटतो, हे आता प्रयोगानं सिद्ध झालं होतं. सरांच्या समोर मी पुन्हा मोजलं. चारशे बारा. कोपऱ्यातला तो गेला होता. सोमवारचा आकडा जुळला, एवढ्यावरच सरांनी सुस्कारा टाकला, सही केली आणि यापुढं कशाला हात लावू नकोस म्हणाले. दुपारी प्रबंध जमा झाला. मला इतका आनंद झाला, की पायऱ्या उतरताना मी शिपायाला मिठी मारली.

चार वाजता पेढे घेऊन खोलीवर आलो. बाहेर लख्ख ऊन होतं. खाटेखालच्या अंधारात अंग चोरून बसलेलं दिसलं, तिकडं मी एक पेढा सरकवला. आत्याला सगळं सांगितलं. तिचा घास थांबला.

"गेलं म्हंजी कुठं गेलं?"

मी दुसरा पेढा तोंडात टाकला.

"तिंबक, ऐक. घरात आपण किती जण, ते मनातसुदीक मोजू नको."

पण सहा वर्षांची सवय. तोवर माझं मोजून झालं होतं. मी, आत्या आणि खाटेखाली खंड्या. तीन. हिशेब बरोबर.

तेवढ्यात बाहेरून, बंद दारावर पंजे घासत, खंड्या भुंकला.