तीन नंबरच्या चेंबरमधली गळती

अंकुश मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो सब्बल घेऊन माझं भविष्य फोडत होता. त्याला वाटत होतं, तो बर्फ फोडतोय.

मे महिना, बुटीबोरीचं कोल्ड स्टोरेज, बाहेर पंचेचाळीस डिग्री. एका लग्नासाठी साठ किलो मटार आणायला भैयाजींनी, म्हणजे माझ्या कॅटरर काकांनी, मला पाठवलं होतं. तीन नंबरच्या चेंबरचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. आत वजा अठरा. पाण्याचा पाइप गळून रिकाम्या चेंबरभर बर्फ गोठलेला, आरशासारखा. आणि मधोमध दोन जाकिटं घातलेला, पापण्यांवर हिम साचलेला एक मुलगा. पापण्या लांब होत्या. मी मटारसाठी आले होते, तरी लक्षात आलं.

"फोडू नका," मी म्हटलं.

"काहून जी?"

"मले पाहिजे."

"किती किलो?"

"सगळा. पण इथंच राहू द्या."

त्यानं सब्बल खाली ठेवली आणि मला ऊन लागलंय का, असं अगदी आदरानं विचारलं.

मग सांगावं लागलं. मी भैरवी, कर्लिंग खेळते. बर्फावरून वीस किलोचा दगड सरकवायचा, पुढे दोघींनी ब्रशनं बर्फ घासत पळायचं, आणि दगड आखलेल्या गोलात थांबला की आनंद मानायचा. सहा वर्षं मी हे नागपुरात करतेय… मंगल कार्यालयाच्या फरशीवर, चाकं लावलेल्या दगडांनी. मागच्या वर्षी डेहराडूनच्या रिंकवर देशाच्या संघाची निवड चाचणी झाली. आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला आणि दगडाच्या आधी मीच गोलात पोचले. आडवी. यंदाची चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. या वेळीही नाही जमलं तर खेळ सोडून बँकेच्या परीक्षांना बसेन, असं मी आईला कागदावर लिहून दिलं होतं. सहीसकट.

"म्हणजे तुमी झाडू मारता," अंकुश म्हणाला.

"देशासाठी."

मग त्यानं सब्बल दाराबाहेर नेऊन ठेवली.

मालक रोज फोनवर विचारायचे, "झाला का बर्फ साफ?" अंकुश म्हणायचा, "फोडून राहिलो जी." मालक उन्हात बाहेर पडणारे नव्हते. आम्ही निळीच्या पाण्यानं गोल आखला. दगड म्हणून जात्याचा वरचा भाग आणला, खुंट्यासकट. कवडूकाका पाथरवट अर्धं जातं विकायलाच तयार नव्हते. "खालचं काय मी डोक्यावर घेऊ, पोरी?" म्हणाले. शेवटी दोन्ही आणलं.

आठव्या दिवशी बर्फावर पाय ठेवला आणि थबकले. बुटाखाली बारीक दाणे लागत होते, साबुदाणा सांडून गोठावा तसे. खऱ्या रिंकवर पाण्याचे थेंब शिंपडून असंच करतात, त्याशिवाय दगड नीट वळत नाही. हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"हे… तू केलं?"

"झारीनं. आईची हाय, तुळशीची." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "सकाळी पाचले आलतो. पयल्या खेपेले झारीच गोठली."

"तुले कोणी सांगतलं?"

"व्हिडिओ पाह्यले. कॅनडाचे. बावीस."

मी कॉलर वर ओढली. वजा अठरात गाल लाल व्हायला बरीच कारणं असतात, त्यामुळे सोय झाली.

मग शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये माल भरणार होते. मी दगड सोडला, अंकुश ब्रश घेऊन त्याच्यापुढे वाकून पळाला.

"घास… घास गा… अजून… बस, सोड."

दगड अगदी गोलाच्या मधोमध थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. अंकुश मात्र हसला नाही.

"लागला," तो म्हणाला.

"काय?"

"ब्रश. दगडाले लागला माझा."

"मले तर नाही दिसलं."

"तूच सांगतलं ना… ज्याचा लागला, त्यानंच सांगाचं. पंचाची वाट नाही पाहाची."

खेळाची रीतच आहे तशी. मी दगड बाजूला केला.

"मंग अजून एक सांगून टाकतो," ब्रशचे केस मोजत तो म्हणाला. "तू मले आवडते."

"कधीपासून?"

"मटार नेले तेव्हापासून."

"चाचणी झाली की सांगते," मी म्हटलं. आमच्या दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. आम्ही अंतर राखून उभे होतो, पण वाफ मधल्यामध्ये मिसळून गेली. तिला चाचणी नव्हती.

डेहराडूनला मी पडले नाही. बारापैकी नऊ दगड गोलात गेले. दहावाही गेला असता, पण दगड सोडून मीही घासायला धावले आणि माझाच ब्रश त्याला लागला. पंच तेव्हा चहात बिस्कीट बुडवत होते, बिस्कीट नाजूक अवस्थेत होतं. मी हात वर केला. दगड बाद. संध्याकाळी यादी लागली, पाच नावं. पाचवं माझं होतं. राखीव.

नागपूर स्टेशनवर अंकुश घ्यायला आला. जाकिटाशिवाय तो निम्माच होता, मी आधी ओळखलंच नाही.

"राखीव म्हंजे?"

"चौघींपैकी कोणी आजारी पडेपर्यंत बसून राहाचं. पण संघात आहे."

"आहे ना." त्यानं माझी बॅग घेतली आणि बॅगेकडे बघूनच हसला.

"कोरियाले शिबिर आहे, अंकुश. चार महिने… थांबशील?"

"मी वजा अठरात काम करतो वं. चार महिन्यांत माझं काय खराब होते?"

"मंग ऐक. मलेही तू आवडतो."

मीच त्याचा हात धरला. इतके दिवस आम्ही हातमोज्यांतूनच एकमेकांकडे ब्रश दिला-घेतला होता. हात चांगला गरम होता. का कोण जाणे, मला तो थंड असेल असं वाटलं होतं.

त्याची स्कूटी पार्किंगमध्ये अगदी समोर उभी होती. दोघांनाही ती दिसली नाही, म्हणून आम्ही सगळ्या रांगांतून आणखी एक चक्कर मारली.