सोडलेला पेरू

काशीला येऊन आवडीचं काहीतरी सोडायचं अशी आपल्याकडची रीत, आणि लोक सोडतात काय, तर कारलं. दशाश्वमेधाच्या पायऱ्यांवर वडिलांच्या छत्रीखाली बसून बकुळनं आजवर इतकी कारली सुटताना पाहिली होती, की गंगेला एव्हाना कडवट चव यायला हवी होती.

त्या सकाळी साताऱ्याच्या प्रभावतीबाईंनी पडवळ सोडलं. मग त्यांचा मुलगा पाटावर बसला. ऋतुराज. बँकेतर्फे नुकताच बनारसला आलेला, म्हणून आईचीही यात्रा आयतीच घडत होती.

“काय सोडणार?” बकुळच्या वडिलांनी, नरहर गुरुजींनी विचारलं.

“कारलं.”

मागे दर्भ निवडत बसलेली बकुळ फिसकन हसली.

“काय झालं?” त्यानं वळून विचारलं.

“काही नाही... आवडतं का तुम्हाला?”

“बिलकुल नाही.”

“मग हे सोडणं कुठलं? ही तर मजाच झाली.”

“बकुळ...” गुरुजी म्हणाले खरे, पण मिशीतल्या मिशीत हसत होते.

तो तिच्याकडे बघत राहिला. घाटावरचा वारा तिची बट पुन्हा पुन्हा कपाळावर आणत होता, आणि ती दर्भ धरलेल्या हातानं मागे सारत होती.

“पेरू,” तो म्हणाला.

“अरे, पेरूसाठी तर तू लोकांच्या भिंतींवरून पडला आहेस,” आई म्हणाली.

“म्हणूनच,” तो म्हणाला, आणि ओंजळीतलं पाणी सोडून मोकळा झाला. मग हळूच बकुळला म्हणाला, “आणि तुम्ही काय सोडलंत?”

“आम्ही काशीकर. इथे राहणाऱ्यांना काही सोडावं लागत नाही.”

केवढ्या ऐटीत म्हणाली होती ती.

पुढच्या रविवारी तो राजा घाटाजवळच्या त्यांच्या घरी आला. त्याच्या आईनं जाताना गुरुजींसाठी गोडा मसाला ठेवला होता, एवढंच निमित्त. बकुळ परसदारी होती. तिथे तेव्हा नुसती फरशी, कपडे धुवायचा दगड आणि एकटी तुळस होती. आणि बकुळ पहार घेऊन फरशी उखडत होती.

“घर पाडताय का?”

“बाग करतेय. उभे काय राहिलात, धरा जरा.”

त्यानं बाह्या सरसावल्या आणि पहार धरली. फरशी उखडता उखडता तिनं सांगितलं. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली हळूहळू जाणार होती. घाटावर कुणाला हे ठाऊक नव्हतं. बकुळ मागे बसून हळूच सांगायची, समोर दोघं आहेत, बाई डावीकडे... आणि मंत्र तर बाबांना झोपेतही येत होते. पण घरात? घरात त्यांना कुणाचा हात धरायला आवडायचा नाही. म्हणून ही बाग. पायरीपाशी मोगरा, वळणावर पुदिना, नळापाशी गवती चहा. वास धरून चालायचं.

पुढच्या रविवारी ऋतुराज शेणखताचं पोतं स्कूटरवर घालून आला.

बागेचं एकदा लावलं आणि झालं, असं नसतं. मोगरा सावलीत रुसला, त्याला उचलून उन्हात नेलं. पुदिन्यानं हातपाय पसरून तुळशीला दाबलं, त्याला कुंडीत कोंडलं. उन्हाळ्यात सब्जा, थंडीत शेवंती... दर ऋतूत परसदार नवं व्हायचं, आणि बाबा नव्यानं ते पाठ करायचे.

“बँकेतही इतकंच सावकाश काम करता?” खत चाळणाऱ्या ऋतुराजला बकुळ विचारायची.

“बँकेत समोर असं कुणी उभं नसतं.”

मग तिला उगाचच नळ बंद करायला जावं लागायचं.

एका श्रावणात दोघं रामनगरला रोपं आणायला गेले. तिनं पेरूचं कलम उचललं.

“मी खाऊ शकत नाही, माहीत असून?”

“तुमच्यासाठी कोण घेतंय, साहेब?”

परतताना नावेत कलम दोघांच्या मध्ये होतं. भुरभुर पाऊस... पानं त्याच्या गालाला लागत होती. नाव डुलली तशी दोघांनी एकदमच मुळांची पिशवी धरली. हातावर हात पडला. नाव सावरली, तरी हात तिथेच.

“भिजतेयस,” तो म्हणाला.

“तू पण,” ती म्हणाली. अहो-जाहो तिथेच, मधल्या धारेत कुठेतरी राहिलं.

पेरू अगदी मागच्या भिंतीशी लावला. तिथवर बाबा जायचे नाहीत, म्हणून तिकडे वासाचं काही लावलं नव्हतं.

झाडाला पहिल्यांदा फळं धरली, त्या भाद्रपदात त्याची बदली आली. साताऱ्याला. मागितली त्यानंच होती. आईचे गुडघे गेले होते, ती एकटी किती दिवस काढणार?

“येशील?” त्यानं विचारलं. “गुरुजींनाही नेऊ.”

“मरायला लोक इथे येतात, ऋतुराज. बाबा इथून कुठे जातील?”

आत बसलेल्या बाबांना नीट ऐकू गेलं होतं. ते पायरीवर आले.

“माझ्या डोळ्यांची ढाल करू नकोस, बकुळ. मला काय धाड भरलीय? बघा दोघं, इथेच उभे राहा.”

आणि ते निघाले. हात पाठीशी, मान ताठ. मोगऱ्यापाशी थबकले, उतरले. पुदिन्यापाशी वळले. गवती चहाचं पातं चुरगळून नळाला हात लावला, जणू सही केली. तेवढं पुरे होतं. पण त्यांना जोर चढला, लेकीला मोकळं करायचं होतं ना... ते आणखी पुढे गेले.

पेरू अजून हिरवे, खड्यांसारखे. वास कुठला असणार? बाबा झाडाच्या बाजूनं निघून गेले, भिंतीला हात लागला तसे थांबले. वळले. पुन्हा वळले. चेहरा वर करून वारा हुंगला. वारा नव्हताच. त्यांनी हाक मारली नाही. झाडाकडे पाठ करून, भिंतीकडे बघत, हसून म्हणाले,

“छान वाढलाय हं पेरू.”

बकुळनं दाराची चौकट घट्ट धरली.

ऋतुराज पुढे झाला. त्यांच्या हाताखाली आपला खांदा दिला. “हो ना, गुरुजी. चला, चहा झालाय.”

चहाचं आधण अजून ठेवलंही नव्हतं.

परत आल्यावर तो नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिला. येशील का, असं त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं ते विचारू नये म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते, आणि त्यानं नाही विचारलं तर रडू आलं.

जायच्या दिवशी तो बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याचा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग तो बकुळबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आला.

“आपण तसं काही बोललोच नाही कधी,” तो म्हणाला.

“बोललो की. दर रविवारी.”

“पेरू पिकले की सांग.”

“सांगून काय, तू थोडाच खाणार आहेस.”

“वास कसा आहे, तेवढं सांग...” तो हसला, आणि सायकल-रिक्षांच्या गर्दीत त्याचा निळा शर्ट दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी बकुळनं पेरूच्या बुंध्याशी ओव्याची रोपं लावली. बाबा पुन्हा तिकडे गेले तर असावीत.

ते गेलेही. थंडीतल्या एका दुपारी ओव्याचं पान चोळत भिंतीपर्यंत पोचले, आणि मग नाक वर करून थांबले.

“पिकला गं.”

बकुळनं पिवळा पडलेला एक पेरू काढून त्यांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो हुंगला, दोन्ही हातांनी फोडला, आणि अर्धा तिच्यापुढे धरला.

“घे. पहिलं फळ तुझं.”

“मी सोडलाय, बाबा.”

बाबांचा हात तसाच पुढे राहिला. आतून गुलाबी निघाला होता पेरू, आणि हे त्यांना सांगायला हवं होतं.

“इथे राहणाऱ्यांना सोडावं लागत नाही गं,” ते हळू म्हणाले.

“लागतं,” बकुळ म्हणाली, आणि ओव्याला पाणी घालायला खाली वाकली.