हात वर केले म्हणजे काय?

बालसभेत सगळ्या मुलांनी हात वर केले आणि तरीही ठराव (सभेपुढे मांडलेली सूचना) नामंजूर झाला. असं कधी होतं का? चंद्रावरच्या वसाहतीत झालं खरं!

ठराव शाल्मलीचा होता. जेवणघरातली एकुलती एक खिडकी उद्या बुजवणार होते, कारण काचेतून उष्णता बाहेर जायची. त्याऐवजी उष्णतारोधक (उष्णता अडवणारा) पडदा लावू आणि जेवणं झाली की तो ओढून घेऊ, असं तिचं म्हणणं. जेवणघराबाबत बालसभेचा निर्णय मोठेही मानत.

त्या खिडकीतून पृथ्वी दिसायची. चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते. म्हणून तिथून पाहिलं तर पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही, आकाशात जागच्या जागी असते. आणि शाल्मलीची आई पृथ्वीवर होती. तिच्या आठवणीने शाल्मलीला घास गिळवत नसे. मग ती खिडकीपाशी जाऊन बसायची.

रडवेली होऊन ती आजोबांकडे धावली. आजोबा शास्त्रज्ञ. सभेची नोंद ठेवणारा आणि निकाल जाहीर करणारा नोंद्या हा यंत्रमानव त्यांनीच बनवला होता.

“काय रे शहाण्या, ठराव नामंजूर कसा?” आजोबांनी त्याला विचारलं.

“सगळ्यांनी हात वर केले. म्हणजे जबाबदारी झटकली,” नोंद्या म्हणाला.

आजोबांना हसू आवरेना. “अरे, सभेत हात वर करणं म्हणजे मत देणं!”

“मागे मुलांनी रोपं लावायचं ठरवलं. पाणी घालायला कोणीच आलं नाही. ‘सगळ्यांनी ऐनवेळी हात वर केले,’ असं तुम्हीच म्हणालात. मी तोच अर्थ शिकलो.”

आजोबांचं हसू थांबलं. शाल्मलीने मान खाली घातली. पाणी घालायची टाळाटाळ तिनेही केली होती.

“चुकला तो, पण शिकवलं आपणच,” आजोबा म्हणाले. “मत दिलं की आपलं काम संपलं, असं वाटतं ना? ठरवायचं आपण, तर सांभाळायचंही आपणच. यालाच सहभाग म्हणतात, बाळा.”

शाल्मलीने लगेच पुन्हा सभा बोलावली. “हात वर करणाऱ्याने पडदा ओढायची पाळीही घ्यायची,” तिने सांगितलं. या वेळी हात जरा विचार करत, एकेक करून वर गेले. पण गेले सगळेच.

“ठराव मंजूर!” नोंद्याने जाहीर केलं.

पहिली पाळी शाल्मलीची. पडदा ओढण्याआधी तिने काचेला नाक लावलं आणि हळूच हात वर केला.

“हे मत, की नकार?” नोंद्याने विचारलं.

“हे आईला,” शाल्मली म्हणाली. “खिडकी राहिली, एवढंच सांगितलं तिला.”

नोंद्या खिडकीपाशी आला. मग त्यानेही पृथ्वीकडे बघून हात वर केला. “उद्याची पाळी माझी,” तो म्हणाला.