सोंगांच्या गुहेतला नवा बदल

जव्हारच्या अलीकडे, घाट चढून आलं की माळावर 'रंगदरी' नावाचं पार्क लागतं. चाचेनगरी, अवकाशनगरी, लाटांचा तलाव, सगळं आहे. आणि अगदी मागे, मक्याची कणसं भाजणाऱ्या टपरीच्या पलीकडे, सोंगांची गुहा. चारचार माणसांची गाडी रुळावरून काळोखात शिरते आणि वळणावळणावर आपल्या बोहाड्यातले, म्हणजे गावोगावी देवा-भुतांची सोंगं नाचवतात त्या उत्सवातले, मुखवटे उजेडात येतात. मुखवटे फायबरचे, रंग गणपतीच्या मखरासारखे. लहान पोरंसुद्धा घाबरत नसत.

ही गाडी सोडायचं काम देवानंदचं. खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा पोरगा, बारावी झालेला, बोलायला चुणचुणीत. पार्कावर जीव टाकणाऱ्या लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात देवानंदही होता. विरार, नाशिक, ठाण्याची माणसं तिथे दिवसभर भांडत. कुठला पाळणा हलवला, चाचेनगरीचा रंग का बदलला, तलावाची जुनी घसरगुंडी काढली ते कुणाच्या डोक्यातून निघालं! जणू घरातली भिंतच पाडलीय.

उन्हाळ्याच्या तोंडाला बातमी फुटली की गुहा पाडून तिथे बर्फाचं घर होणार.

"पाडाच. फायबरची थोबाडं बघायला कोण येतं?" विरारच्या उमेशने लिहिलं. त्याच्या शब्दाला ग्रुपमध्ये वजन होतं. देवानंदला ते झोंबलं. आपली गुहा, आपला बोहाडा! त्याने ताडकन लिहिलं, "शनिवारी या. खरं सोंग दाखवतो."

लिहून बसला आणि मग ते पुसावंसं वाटलं.

कारण खरं सोंग एकच होतं, ते म्हणजे त्याच्या घरचं. सावरीच्या लाकडाचा वेताळ. बोहाड्यात तो नाचवायचा मान त्यांच्या घराचा, आणि बाप पोश्याचे गुडघे गेल्यामुळे यंदा पहिल्यांदा तो मान देवानंदकडे येणार होता. आई नवशीने सगळ्या पाड्याला सांगून ठेवलं होतं. त्या मुखवट्याची एक रीत होती. कापडातून सोडला की त्याला एकटा ठेवायचा नाही. घरचं कुणीतरी जवळ बसायचंच, अगदी बिडी ओढायलासुद्धा उठायचं नाही.

"जव्हारला रंगवून आणतो," देवानंद बापाला म्हणाला.

"रंगवणारा त्याला एकटा नाय ना ठेवायचा?"

"मी बसतो ना बा त्याच्याजवळ."

धडधडीत खोटं. बापाने विश्वासाने मुखवटा त्याच्या हातात दिला तेव्हा देवानंदला वर बघवलं नाही.

शेवटच्या वळणावर प्लायवूडला तारेने त्याने मुखवटा टांगला. शनिवारी ग्रुपची माणसं आली, काळोखातून बाहेर पडली ती पांढरीफटक होऊन, मग टाळ्या वाजवत. उमेशने त्याला मिठी मारली. देवानंदची छाती फुगली. संध्याकाळी कुलूप लागलं, तो खोलीवर गेला आणि मुखवटा आत एकटा राहिला.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "वेताळाला मान लावली, मस्त बदल." देवानंद हसला. काळोखात काय काय दिसतं लोकांना! मग आलं, "खांदे दिलेत, पण जरा वाकलेले वाटतात." त्यावर वाद जुंपला, खांदे हवेत की नकोत. नंतर हातांवर. "हात नको होते, नुसता मुखवटाच भीतीदायक होता," एकजण म्हणाला. दुसऱ्याने उत्तर दिलं, "उलट हातांनीच मजा आली. उजव्या मनगटावरचं तांब्याचं कडं बघा, किती बारीक काम!"

देवानंदने नकळत स्वतःचं कड्याचं मनगट झाकलं.

गाड्या थांबवून, दिवे लावून तो आत गेला. प्लायवूड, तार आणि मुखवटा. बाकी काहीही नव्हतं. त्याने हात फिरवून पाहिला, भुसा लागला तेवढाच. बाहेर आला तर मॅनेजर उभे.

"लोक वेडे झालेत रे गुहेपायी! पाडायचं रद्द. ते अंग, ते हात, तुझंच काम ना?"

नाही म्हणायला एवढं काय लागतं? पण शेजारी चार माणसं कौतुकाने बघत होती.

"हो साहेब," देवानंद म्हणाला. "माझंच."

त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. गाडी सोडताना तो गुहेच्या तोंडाकडे पाठ करून उभा राही. लाज मेली कातडीला चिकटून बसली होती, आंघोळ करूनही जाईना.

बोहाडा दोन दिवसांवर आला तेव्हा बापाचा निरोप आला, सोंग घेऊन ये. देवानंद सकाळी पार्क उघडायच्या आधी आत शिरला. तार सोडली. मुखवटा हातात आला तसा तो दचकला. आतली बाजू उबदार होती. कपाळाच्या जागी घाम होता, ओला, खारट वासाचा, नुकतंच कुणी नाचून उतरवल्यासारखा.

मागे काय उरलं ते त्याने पाहिलं नाही. कापडात मुखवटा गुंडाळला आणि पळत सडक गाठली.

जीप मोखाड्याच्या पुढे गेली तेव्हा मोबाईल वाजायला लागला.

"मुखवटा काढला? चूक केली!"

"अजिबात नाही. आतला चेहरा दाखवला तेच बरं. तरुण पोरगा केलाय."

"उजेड पडला की लाजून मान खाली घालतो. अंगावर काटा आला. हा बदल कायम ठेवा."

खाली फोटो होता. तो उघडेपर्यंत रेंज गेली.

पाड्यावर पोचला तेव्हा दुपार टळत होती. ओट्यावर धाकटी बहीण रविना मोबाईलवर फिरत आलेला गुहेतला फोटो उघडून बसली होती आणि नवशी त्यात डोकावत होती, तोंडभर हसत.

"बघ की गं, आपला देवाच! कसा लाजतोय बघ."

"आये," देवानंदने हाक मारली.

नवशीने मान वर केली. हसू तसंच होतं, पण तिने चटकन पदर डोक्यावर घेतला. पोश्या कुडाला धरून उठला. देवानंदच्या हातातलं गाठोडं त्याने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं.

"फार उपकार झाले तुमचे," तो म्हणाला. "पोराला सुट्टी नाय गावली वाटतं."

"बा, मी..."

कुठल्या तोंडाने सांगणार? त्याची मान खाली गेली.

"रविना, पाव्हण्यांना घोंगडी टाक," नवशी म्हणाली. "बसा हो. पाणी आणते."