धुक्यात फिरणारी झूरा

धुक्यात वाट चुकलेय, पाय मोडलाय, जागचं हलता येत नाही, हे झूराने सकाळी स्वतःच वायरलेसवर सांगितलं होतं. मग ती चालत कशी होती?

नारिनच्या घाटातल्या बचावचौकीत तिच्या वायरलेसची लाट कुठून येते ते दाखवणारा दिशादर्शकाचा काटा फिरत होता. पूर्व, दक्षिण, पश्चिम. जणू कुणी चौकीला प्रदक्षिणा घालत होतं. धुकं इतकं दाट, की छपरावरचे चार अँटेनाही दिसेनात.

"अल्बार्स्ती आहे ती, हडळ!" पथकप्रमुख असान पुटपुटला. "माझी माणसं दोनदा रिकाम्या हातांनी परतली. आता काय हडळीमागे धाडू?"

शहरातून तातडीने बोलावलेल्या बुरुलने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. ती यंत्रं दुरुस्त करणारी, भुतं नव्हे. झूराच्या वायरलेसची बॅटरी जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होती. नंतर या बर्फात तिला शोधायचं कशाच्या आधारानं?

"सागिनआके, यंत्राला कुणी हात लावला?"

"कुणी नाही, पोरी." म्हातारा तंत्रज्ञ, सगळ्यांचा आके म्हणजे वडीलधारा, मान वर करीना. झूरा त्याची एकुलती लेक; तीही त्याला आकेच म्हणे.

"चारही अँटेनांच्या पेट्यांची किल्ली?"

"माझ्याकडंच असते."

असानने शेगडीत गोवऱ्या सारल्या. थोड्या वेळाने काटा भरभर फिरू लागला.

"या खुदा!" असान मागे सरला.

बुरुलने शेगडीशेजारची खिडकी उघडली. गार वारा आत आला. काटा मंदावला.

"असान, हडळ डोंगरात असेल, तर तिला आपल्या शेगडीची ऊब कशी लागते रे?"

तिने कानाला हेडफोन लावला. झूराने वायरलेस चालूच ठेवला होता; तीन पेट्यांत तिचा श्वास पुसट होता. शेगडीजवळच्या चौथीत मात्र अगदी कानाशी. तिने ती पेटी उघडली आणि सुस्कारा सोडला.

"लाट चार अँटेनांवर किंचित मागेपुढे पोचते, त्या फरकावरून दिशा कळते. म्हणून चारही पेट्यांना ताल देणारा एकच ऑसिलेटर हवा. इथे चौथीची तार तोडून तिला स्वतंत्र ऑसिलेटर बसवलाय. ऊब लागली की त्याचा ताल आणखी सरकतो. झूरा चालत नाहीये, ही पेटी चालतेय. आणि किल्ली एकाकडेच आहे, आके."

सागिनने खिशातली किल्ली काढून मेजावर ठेवली.

"एक ताल चौघींत वाटला की पाणचट व्हायचा. माळावरून लेक बोलायची, धड ऐकू यायचं नाही. लग्न झालं की मुलाला वेगळी चूल देतो ना आपण? तशी चौथीला दिली. दोन्हींच्या कंपनांचा आकडा एकच होता गं!"

"आकडा एक असून भागत नाही. पाऊलही एकदम पडावं लागतं. सकाळपासून गप्प का बसलात?"

"बोललो असतो, तर तिला मीच मारलं असं झालं असतं."

"गप्प बसूनच मारत होता!" असान कडाडला.

बुरुलने चौथीतला ऑसिलेटर काढला आणि तोडलेली तार पुन्हा जोडली. काटा डळमळला आणि थांबला. उत्तरेला, चौकीमागच्याच घळीकडे.

सागिन टोपीविनाच धावला. मागोमाग सगळे.

"झूरा! झूराऽऽ!"

 नुसतं पांढरं. बुरुल घळीच्या तोंडाशी वाकली.

मग घळीतून चिरका आवाज आला.

"ओरडू नका हो आके, बर्फाचा कडा कोसळेल अंगावर! ऐकू येतंय मला."