पुढची भिंत

चाळीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी माझ्या सगळ्यात देखण्या अक्षरात लिहिलं होतं — मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. चार दिवसांनी सकाळी बालवर्गाला शिकवायला निघाले आणि पाहते तो काय, भिंतीवर एकच शब्द उरलेला. पाहिजे.

त्याच्यासमोर एक उंच तरुण बादलीत पंप रोवून उभा होता. लढाईच्या दिवसांत आगी विझवायला ठेवायचे ना, तसला हातपंप. एका हाताने दांडा दाबत होता, दुसऱ्या हातात नळी, आणि नळीतून सुईसारखी बारीक, जोरकस धार. ती ‘पाहिजे’वर पडणार, तेवढ्यात मी नळीवर पाय दिला.

धार थांबली. त्याने नळी उलटी करून आत डोकावून पाहिलं, मी पाय उचलला... आणि पाणी थेट त्याच्या तोंडावर. इतक्या रागातही मला हसू कसं आलं, ते अजून कळलेलं नाही.

“काय पाहिजे?” तोंड पुसत त्याने विचारलं.

“माझी अक्षरं,” मी म्हणाले.

त्याचं नाव गुणाजी. मालवणकडचा. चोरबाजारातून पंप घेऊन त्याने भिंती, जिने, ओटे धुऊन देण्याचा नवाच धंदा काढला होता, पण महिनाभर लालबाग-परळ पालथं घालूनही एक गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. फडका आणि खराटा असताना पंप कशाला, असं जो तो म्हणे. दसऱ्यापर्यंत काम मिळालं नाही तर गावी परत, असं इथल्या त्याच्या मामाने बजावलं होतं. म्हणून आमच्या चाळीतल्या, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या शामरावांना तो नमुना म्हणून एक भिंत फुकट धुऊन देतो म्हणाला. शामराव म्हणाले, पुढची धू, पाठच्या भिंतीला हात लावू नको.

आता आमच्या चाळीत पुढची म्हणजे चौकाकडची, जिकडे दारं उघडतात ती. रस्ता आमच्या पाठीला. पण परक्या माणसाला रस्त्याकडची तीच पुढची. चूक कोणाची म्हणायची?

चाळीने मात्र ठरवूनच टाकलं, हा सरकारचा माणूस. आता त्याला दारात कोण उभं करणार? तो मान खाली घालून नळी गुंडाळू लागला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आणि त्याचाच मला राग आला.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीच्या वरच्या भागाकडे गेलं. गिरणीच्या धुराने ती काळीकुट्ट झाली होती, आणि जिथे धार उडाली होती तिथे पांढरीशुभ्र रेघ. मी विचारलं, या पाण्याने लिहिता येईल का?

त्याने गुंडाळलेली नळी पुन्हा सोडली. मग म्हणाला, “येईल... पण हे एकट्याचं यंत्र नाही. एकाने दांडा मारायचा, एकाने नळी धरायची. आजवर मला दुसरं कोणी मिळालंच नाही.”

हे त्याने पंपाबद्दल सांगितलं की आणखी कशाबद्दल, कोण जाणे. मी घरातून स्टूल आणलं आणि वर चढले.

अक्षरं माझी, जोर त्याचा. ‘संयुक्त’पर्यंत सगळं सुरेख. ‘महाराष्ट्र’ला धार एकदम मंदावली. खाली पाहिलं तर स्वारी दांडा धरून माझ्याकडेच बघत होती.

“बादलीकडे बघा,” मी म्हणाले.

“बघतोय की. तू घट्ट धर गो...” आणि जीभ चावून, “माफ करा. घरची सवय.”

त्या एका ‘गो’ने माझा ‘झा’ वाकडा झाला. तो आजही वाकडाच आहे.

दुसऱ्या दिवशी चाळमालकांचे भाडं वसूल करणारे मेहताजी आले. मजकूर बघून घाबरले. पुसायचा तर अख्खी भिंतच धुवायला हवी. त्यांनी गुणाजीला चौकात बोलावून सांगितलं, मालकांच्या पाच चाळी आहेत, दिवाळीच्या आत सगळ्या तुलाच धुवायला देतो. सुरुवात मात्र रस्त्याकडच्या भिंतीपासून. मी गॅलरीत कठडा धरून उभी होते. पाच चाळी! घे म्हणावं की नको, मलाच उमगेना. घेतलं तर तो मुंबईत राहणार होता.

त्याने एकदा वर पाहिलं.

“यंत्र दोघांचं आहे, शेट,” तो म्हणाला. “माझी जोडीदारीण या कामाला यायची नाही.”

मेहताजी निघून गेले. खालच्या बायका वर माझ्याकडे बघू लागल्या, आणि मी उगाचच वाळलेले कपडे काढायला लागले. ते आमचे नव्हतेही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो वळकटी घेऊन निरोप घ्यायला आला. पंप मामाकडे ठेवला, म्हणाला. मी रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले. शेवटी एवढंच सांगितलं, की शामरावांनी निरोप दिलाय, पुढची भिंत धुवायची राहिलीय. आणि शेजारच्या दोन चाळीही विचारताहेत.

तो गोंधळला. “पुढची... म्हणजे नक्की कुठची? या वेळी चुकायचं नाही मला.”

“आमचं दार आहे ती.”

वळकटी हळूच खाली आली. “दारापर्यंतच धुवायचं?”

“त्याच्या आतलं मला कळत नाही,” मी म्हणाले. कानशिलं तापली होती. “बाबा घरात आहेत. तुम्हीच विचारा.”

त्याने चपला काढल्या, आणि आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.